कार्डांची मागची बाजू

शुक्रवारी संध्याकाळी पत्रं गेली आणि रविवारी सकाळी दहापर्यंत एकोणीस जणांनी कळवलं, की या वर्षी मेळाव्याला जमणार नाही. कारणं एकाहून एक सभ्य होती. कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाची कंबर धरली होती, आणि एका गृहस्थांचा दात बरोबर पंधरा दिवसांनी, मेळाव्याच्याच सकाळी, दुखणार होता. वहिनींनी प्रत्येक फोन स्वतः घेतला, प्रत्येकाला "बरं" म्हटलं आणि वहीत त्या नावापुढे बारीक टिंब दिलं. विसाव्यांदा फोन वाजला तेव्हा भाऊनं हात पुढे करून तो बंदच करून टाकला.

"पुरे झालं," तो म्हणाला. "आधी घरातले पाच जण बोलू. जगाचं नंतर बघू."

घरातले पाच जण शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले होते, कारण या कुटुंबात महत्त्वाचं असं काहीही घरी बोललं जात नसे. वहिनींच्या सासऱ्यांनी शाळा काढली तेव्हापासून सोयरिकी, आजारपणं, वाटण्या, सगळं या लांब टेबलाभोवती ठरत आलं होतं. टेबलावर लाल शाईचे डाग होते. भिंतीवर सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावून ठेवलेलं घड्याळ होतं. माईंना जाऊन नऊ वर्षं झाली तरी ते मागे घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

आणि टेबलाच्या मधोमध पेटी होती.

पेटीही माईंचीच. पुस्तकांच्या खोक्याएवढी, लाकडी, आत दाटीवाटीनं उभी केलेली कार्डं. शाळा फी घेणारी होती, पण प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं बिनफीची बसावीत आणि ती कोणती हे वर्गात कुणालाही कळू नये, हा सासऱ्यांचा नियम होता. या वर्षी अशी एकतीस मुलं होती. त्यांचा सगळा खर्च वर्षातून एकदा भरणाऱ्या मेळाव्यातून निघे, आणि मेळावा उभा राही तो दीडशे-एक माणसांच्या फुकटच्या मेहनतीवर. पालक, माजी पालक, निवृत्त शिक्षक, कुणाचे आजोबा, कुणाची मावशी. त्या प्रत्येकाचं, आणि आधीच्या वर्षांत राबून गेलेल्यांचंही, एकेक कार्ड. पुढच्या बाजूला शाईनं नाव, फोन, मूल कितवीत, काय काय येतं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, काय मागू नये. पेन्सिलीनं अशासाठी, की माणूस बदलतो, आणि बदलला की खोडता यावं.

"मागायला काय, कुणीही मागतं," माई म्हणायच्या. "काय मागू नये हे ज्याला कळतं, त्याच्याकडे माणूस दुसऱ्यांदा येतो."

माईंचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी पेटी उचलून थोरल्या सुनेच्या मांडीवर ठेवली. त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून शिपायापासून विश्वस्तांपर्यंत सगळी शाळा ज्यांना वहिनी म्हणत असे, त्या वहिनी आणि ती पेटी यांना कुणी वेगळं पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी जे घडलं ते वाईट हेतूनं घडलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यावर धड रागावताही येत नव्हतं. भाऊची मुलगी टिल्ली पाच फूट नऊ इंच उंच होती, तरी नाव टिल्लीच राहिलं होतं. संगणकाची नोकरी बदलण्याच्या मधल्या दोन महिन्यांत ती शाळेच्या मदतीला आली होती. पेटीला उद्या आग लागली तर, या एका प्रश्नानं तिला पछाडलं. तिनं एकेक कार्ड यंत्रावर ठेवून त्याचा फोटो घेतला. कामात चोख पोरगी. दोन्ही बाजूंचा घेतला. मग प्रत्येकाचं कार्ड ज्याचं त्याला धाडलं. ज्यांना ई-मेल होती त्यांना ई-मेलनं, ज्यांना नव्हती त्यांना लिफाफ्यातून. सोबत एक नम्र पत्र: आपली माहिती तपासून पाहावी, काही चुकीचं असल्यास कळवावं.

लोकांनी कळवलं.

चहाच्या टेबलाची वीस वर्षं मागणी करणाऱ्या बँकेतल्या साहेबांनी वाचलं, "चहाजवळ नको. निम्मा स्वतःच पितात." निवृत्त प्राध्यापकांनी वाचलं, "माईक हातात गेला की परत मिळत नाही." हे एक वेळ हसण्यावारी गेलं असतं. पण एका तरुण बापानं वाचलं, "देणगीच्या पेटीशी उभं करू नये. स्वतःच्या खिशातलं टाकत बसतो, घरी ओढाताण आहे." एका आईनं वाचलं, "दुपारी तीननंतरच फोन करावा. सकाळी आवाज रडलेला असतो." आणि अकरा वर्षं मेळाव्यासाठी चार-चार केक भाजून आणणाऱ्या केकवाल्या बाईंनी वाचलं, "चव नाही. पण नाही म्हणू नये. मागच्या रांगेत ठेवावेत आणि आपणच विकत घ्यावेत."

"मला खरंच वाटलं, मागे पत्ता असेल," टिल्ली म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. "मी वाचत नव्हते, काकू. चारशे तेरा कार्डं होती. वाचत बसले असते तर…"

"चारशे बारा," वहिनी सवयीनं म्हणाल्या.

"तेरा. दोन एकमेकांना चिकटली होती, ती मी पट्टीनं सोडवली."

"बाराच्या ठिकाणी तेरा झाली म्हणून काही बिघडलेलं नाही," भाऊ म्हणाला. "बिघडलंय ते वेगळंच. आता उपाय ऐका."

त्यानं उपाय सांगण्याआधी ताईंकडे पाहिलं, आणि ताईंनी मान हलवली. वहिनींच्या ते लगेच लक्षात आलं. मुख्याध्यापिका ताई आणि शाळेचा पैसा सांभाळणारा भाऊ, ही सख्खी भावंडं फीवाढीच्या भांडणापासून दोन वर्षं एकमेकांशी थेट बोलत नव्हती. "दादा, याला सांग," "दादा, हिला विचार," असा कारभार चाले, आणि वहिनींचे यजमान दादा बिचारे मान इकडून तिकडे वळवत. ती दोघं एका बाजूला बसावीत म्हणून वहिनींनी काय काय केलं होतं. आज ती बसली होती, टेबलाच्या एका बाजूला, खांद्याला खांदा लावून. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वहिनी होत्या.

"निम्म्या कार्डांवर माईचंच अक्षर आहे," भाऊ म्हणाला. "बाकीच्यांवर वहिनींचं, पण वहिनींचं अक्षर माईनंच वळवलेलं. बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही. मलाच कळत नाही. तेव्हा सांगायचं एवढंच, की ही सगळी टिपणं माईची. जुन्या काळातली. आमच्यापैकी कुणी ती कधी पाहिलीही नव्हती. माईला सगळे मानतात. आणि गेलेल्या माणसावर कोण रागावणार?"

"माईंवर?" वहिनी म्हणाल्या.

"माईला आता काय फरक पडतो?"

"पुढच्या रविवारी स्वयंसेवकांची सभा आहे," ताई म्हणाल्या. "त्याआधी विझवायला हवं. नाहीतर मेळावा गेला, आणि मेळाव्याबरोबर ती एकतीस मुलंही. जूनमध्ये त्यांच्या आईबापांना मलाच बोलावून सांगावं लागेल." त्यांच्या पर्समधून एका घडी घातलेल्या कागदाचं टोक डोकावत होतं. "आणि वहिनी, एक विचारू? मला चुकलं म्हणता येत नाही?"

घरच्यांचीही कार्डं होती. यंत्राला घरचं-दारचं कळत नाही.

"तसं नाही, ताई."

"'चुकलं म्हणणं जमत नाही. तशी वेळ येईल तिथे उभं करू नये.' पाठ झालंय मला."

"आणि मी हुकूम सोडतो," भाऊ म्हणाला. "'पैशाचं बोलणं उत्तम. माणसांना कामं सांगू देऊ नये.' वा! वीस वर्षं मी समजतोय, की वहिनी मला कामं वाटायच्या कटकटीतून वाचवतायत!"

सगळे दादांकडे वळले. दादांनी खिशातून आपला कागद काढला, चष्मा लावून पुन्हा एकदा वाचला. "'जड सामान. मत विचारू नये, देत नाही,'" त्यांनी वाचून दाखवलं, आणि घडी घालून परत खिशात ठेवला. "बरोबर आहे."

एरवी वहिनी हसल्या असत्या. आज नाही. वीस वर्षं त्यांनी ज्यांना जपलं, त्या प्रत्येकाच्या हातात आज एक कागद होता, आणि कागदावर जपणूक कुठेच दिसत नव्हती. दिसत होता तो नुसता दोष. लिहिताना त्यांना असं कधीच वाटलं नव्हतं. केकवाल्या बाईंचं मन मोडू नये म्हणून तर ते लिहिलं. आणि वाचताना मात्र ते असं वाटत होतं, की पाठीमागे कुणी तरी अकरा वर्षं हसत होतं.

"मग ठरलं ना, वहिनी?" भाऊ म्हणाला. "माईची टिपणं."

वहिनींना ते पटलं नव्हतं. पण तिघं त्यांच्याकडे बघत होते, टिल्ली डोळे पुसत होती, आणि त्यांच्या तोंडून आयुष्यभर जे निघत आलं तेच निघालं.

"बरं," त्या म्हणाल्या.

सगळे पांगले. वहिनी पेटी उचलून पायऱ्यांखालच्या आपल्या खोलीत आल्या. खोली कसली, कोनाडाच. एक टेबल, एक फोन, भिंतीला लावलेल्या घडीच्या खुर्च्या आणि मेळाव्याच्या जुन्या फलकांची चळत. दार लोटून घ्यायच्या आत दारात सुतारकाका उभे राहिले.

सुतारकाकांचा मुलगा याच शाळेत शिकला होता, आता नात शिकत होती. मेळाव्याचे चाळीस स्टॉल दरवर्षी त्यांच्या देखरेखीखाली उभे राहत. रविवार असूनही त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात लिफाफा होता, आणि लिफाफ्याचं टोक बारीक थरथरत होतं.

"बसा ना, काका."

ते बसले नाहीत. "वाचलं मी," ते म्हणाले. "सुनेनं वाचून दाखवलं आधी. मग म्हटलं, आपण स्वतः वाचू. 'हात थरथरतो. करवत देऊ नये. माप त्यांनाच द्यावं, म्हणजे कळणार नाही.'"

वहिनींनी हातातली पेटी टेबलावर ठेवली.

"मला वाटायचं, माप माझ्यावाचून जमत नाही म्हणून देता."

"काका…"

"घरी सांगायचो मी. म्हणायचो, कापायला काय, कुणीही कापेल. माप धरायला माणूस लागतो." ते थोडं हसले, आणि ते हसणं बघवेना. "रागावलो नाही मी. एवढंच विचारायला आलो. हे लिहिलं कुणी?"

ठरलेलं उत्तर वहिनींच्या जिभेवर तयार होतं. तासाभरापूर्वीच त्यांनी त्याला होकार दिला होता.

"माईंनी," त्या म्हणाल्या. "जुनी टिपणं आहेत. माईंची."

सुतारकाकांनी मान डोलावली. लिफाफा नीट घडी करून खिशात ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते शांतपणे म्हणाले, "माई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली, वहिनी. माझा हात चार वर्षांपूर्वी थरथरायला लागला."

आणि ते गेले. जाताना त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

वहिनी तशाच बसून राहिल्या. शरम म्हणजे काय ते त्यांना या वयात नव्यानं कळत होतं. कार्डावर लिहिलेलं एक वेळ समजावून सांगता आलं असतं. हे कसं सांगणार? ज्या माईंनी त्यांना पेन्सिल धरायला शिकवली, त्यांच्याच माथी त्यांनी खापर फोडलं होतं, आणि तेही अशा माणसासमोर, ज्याचं सगळं आयुष्य मापात गेलं. त्याच्यापुढे चार आणि नऊचा हिशेब चुकावा!

काही तरी करायला हवं म्हणून त्या टेबलावरचे कागद आवरू लागल्या. शुक्रवारपासून तिथे एक लिफाफा पडला होता. शाळेचं परिपत्रक असेल म्हणून त्यांनी तो फोडला नव्हता. आता फोडला. आत तेच नम्र पत्र होतं, आपली माहिती तपासून पाहावी, आणि खाली एका कार्डाचा फोटो. चारशे तेरावं.

त्यांनी पेटीतला अगदी मागचा, घरच्यांचा कप्पा उघडला. दादांच्या कार्डामागे ते उभं होतं. पिवळं पडलेलं, एका बाजूला डिंकासारखा डाग. एकतीस वर्षं ते नवऱ्याच्या कार्डाला चिकटून बसलं होतं, आणि वीस वर्षं पेटी चाळणाऱ्या वहिनींना त्याचा पत्ता नव्हता. पुढे शाईनं लिहिलं होतं, "थोरली सून. अक्षर स्वच्छ. फोनवर आवाज गोड." म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षातलं. त्यांनी कार्ड उलटलं.

"हिला नाही म्हणता येत नाही. एका वेळी एकच मागावं."

वहिनींना आधी राग आला. अगदी खरा, कानशिलं तापवणारा. मला नाही म्हणता येत नाही? मग त्यांना आठवलं, की माईंनी खरोखरच कधी एका वेळी दोन कामं सांगितली नव्हती. एक झालं की दुसरं. बाकीच्यांनी मात्र मागताना कधी बोटं मोजली नाहीत. सासऱ्यांचं आजारपण, ताईंची परीक्षा, भाऊच्या बायकोची बाळंतपणं, पेटी, फोन, मेळावा. आणि या सगळ्याला त्या "बरं" म्हणत गेल्या होत्या. आजसुद्धा. आपल्याबद्दल कुणाला एवढं नेमकं ठाऊक होतं, आणि त्या व्यक्तीनं ते मनातच ठेवून फक्त जपलं होतं. राग तसाच राहिला, आणि त्याच्या शेजारी रडूही येऊन बसलं. केकवाल्या बाईंना काय वाटलं असेल ते त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवडाभर वहिनींनी फोन केले. पैसे मागताना आकडा सांगू नये आणि काम मागताना तास सांगावेत, हा माईंचा नियम; पण या वेळी त्यांनी काहीच मागितलं नाही. "रविवारी नऊला सभागृहात या," एवढंच म्हणाल्या. काहींनी येऊ म्हटलं, काहींनी बघू म्हटलं, आणि बऱ्याच जणांनी फोन उचललाच नाही. सुतारकाकांना फोन करायचा त्यांना धीर झाला नाही. तीनदा आकडे दाबले आणि तीनदा ठेवला.

रविवारी दादांनी पहाटेच उठून दीडशे खुर्च्या मांडल्या. नऊ वाजता त्यांतल्या एकसष्ट भरल्या होत्या. वहिनींनी मोजल्या, मोजायची सवय जात नाही. लोक एकमेकांपासून अंतर राखून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. तीननंतर फोन घेणारी आई भिंतीशी होती. केकवाल्या बाई पहिल्या रांगेत, मांडीवर एक डबा घेऊन, तोंड बंद करून. अगदी मागे दाराशी सुतारकाका उभे होते. खुर्च्या रिकाम्या असून बसले नव्हते.

"हे वाचा फक्त," भाऊनं वहिनींच्या हातात छापील कागद दिला. "दोन मिनिटांचं काम. माईबद्दल भावपूर्ण लिहिलंय."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि कागद घेतला.

व्यासपीठावर जाऊन त्यांनी तो कागद पेटीखाली सरकवला. मग पिवळं कार्ड काढलं आणि सूचनाफलकावर टाचणीनं लावलं. मागची बाजू पुढे करून.

"माईकची गरज नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या प्रत्येकाच्या मागे काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंत. हे माझं. हे माईंनी लिहिलं होतं. बाकीची निम्मी माईंची आहेत, आणि निम्मी मी लिहिली आहेत. गेल्या वीस वर्षांतली सगळी माझी. तुमचं मन राखायचं म्हणून लिहिली, पण मन राखायला माणसाला अंधारात ठेवावं लागतं का, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. आणि गेल्या रविवारी एकांना मी धडधडीत खोटं सांगितलं. तेही माझंच. त्याची मला फार लाज वाटते."

भाऊनं डोळे मिटून घेतले.

मग पुढच्या बाजूनं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताई उभ्या राहिल्या होत्या. "पत्रावर सही माझी होती," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तसाच खणखणीत होता, पण एका शब्दाशी येऊन अडखळला. "सोबत काय जोडलंय ते मी उघडून पाहिलं नाही. माझं… माझं चुकलं." आणि त्या मटकन खाली बसल्या. शेजारी बसलेल्या भाऊनं, दोन वर्षांत पहिल्यांदाच दादांना मध्ये न घालता, पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

केकवाल्या बाई उठल्या. डबा घेऊन थेट व्यासपीठाशी आल्या. "खा," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगा."

वहिनींनी तुकडा तोंडात घातला. सगळे बघत होते.

"साखर फार आहे," त्या म्हणाल्या. "आणि मध्ये कच्चा आहे."

"अकरा वर्षं!" बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं चार-चार केक विकत घेऊन तुम्ही केलंत काय त्यांचं? फेकलेत?"

"नाही हो. ह्यांनी खाल्ले."

सगळ्यांच्या माना खुर्च्यांच्या चळतीशी उभ्या असलेल्या दादांकडे वळल्या. मत न देणाऱ्या दादांचा चेहरा लाल झाला. "मला आवडायचा," ते म्हणाले.

आधी प्राध्यापक हसले, मग बँकेतले साहेब, आणि मग केकवाल्या बाईंनाही हसू आवरेना. त्या डोळे पुसत हसत राहिल्या. "मग या वर्षी तिकिटांच्या टेबलावर मी बसणार," त्या म्हणाल्या. "आणि एक केक फक्त दादांसाठी."

लोक उठून फलकाशी येऊ लागले. माईंचं पेन्सिलीचं अक्षर वाचून त्यांच्यातला एकेक जण बोलायला वळे, आणि का कोण जाणे, एकच गोष्ट मागून घेई. तरुण बाप म्हणाला, "मला देणगीच्या पेटीशी उभं राहू द्या, खिसा घरीच रिकामा करून येईन." एका कोपऱ्यात टिल्ली नव्या कार्डांचा गठ्ठा घेऊन बसली होती. प्रत्येकाच्या हातात एक पेन्सिल देत होती, आणि मागची बाजू ज्याची तो लिहीत होता. चाळीस-एक जणांनी तिथेच नावं दिली. वीस जण नुसते ऐकून, न बोलता निघून गेले. तीननंतरची आईही गेली. तिच्या मागे धावावं असं वहिनींना फार वाटलं, पण त्या धावल्या नाहीत.

गर्दी ओसरली तेव्हा सुतारकाका दारापासून निघाले. सावकाश चालत, सगळ्या रिकाम्या रांगा ओलांडून फलकाशी आले. चष्मा लावून त्यांनी कार्ड वाचलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग वहिनींकडे वळले.

"एकच मागायचं ना?"

"एकच, काका."

"या वर्षी करवत मला द्या."

भाऊनं पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडलं आणि ताईंनी त्याचा दंड धरला. सुतारकाकांचे दोन्ही हात अंगाशी लोंबत होते, आणि उजवा थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही. वहिनींना वाटलं, या माणसाला आत्ता हो म्हणावं. तो मागेल ते द्यावं. गेल्या रविवारची भरपाई करायला याहून सोपा शब्द नव्हता, आणि तो शब्द तोंडात तयारच होता.

त्यांनी तो गिळला.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "नाही, काका. करवत नाही देणार. हात कापून घ्याल. माप द्यायचं आहे."

सुतारकाकांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि मापाची टेप बाहेर काढली. घरून निघतानाच घेऊन आले होते. पट्टी ओढून तिचं टोक त्यांनी वहिनींच्या पुढे केलं.

"मग धरा हे," ते म्हणाले. "घट्ट धरा. गेल्या वर्षी तुम्ही ढिलं सोडलं होतंत. मी बोललो नाही."